मास्तरांना लागलेली झोप

दादा,

तू दुकान सोडलंस तेव्हा कात्र्या, वस्तरे आणि मागच्या दाराशी उभं राहून सिगारेट ओढायची सवय, सगळं माझ्याकडे आलं. कात्र्या अजून चालतात. सवय सोडली.

आपल्याकडे दाढीला येणारे मास्तर आठवतात ना? मिशीजवळ हात गेला की श्वास रोखून बसायचे. आपण हसायचो, एवढा मोठा माणूस आणि वस्तऱ्याला घाबरतो. परवा त्यांची दाढी करता करता पाहतो तर ते चक्क घोरत होते.

नेमकी तेव्हाच मला तलफ आली. पाय आपोआप मागच्या दाराकडे वळले. पण अर्ध्या गालाला फेस लावलेला माणूस झोपेत टाकून जाऊ कसा? उरलेला गाल इतका सावकाश केला की तू असतास तर ओरडला असतास. ते जागे झाले तोवर तलफ निघून गेली होती.

तोंड पुसत म्हणाले, "हल्ली तुझ्या हाताला नुसता साबणाचा वास येतो रे. बरं वाटलं."

हे पत्र मी पाठवणार नाही. धाकट्याने शहाणपण शिकवलं की तू मुद्दाम आणखी एक पेटवतोस. पण फोनवर हल्ली तुझ्याआधी तुझा खोकलाच बोलतो. म्हणून फोन करून एवढंच सांगेन, केस वाढले असतील, ये. खुर्चीत निवांत बस. मिशीजवळ माझा हात आला की एक मोठा श्वास घे.

तुझी वाट पाहणारा,
धाकटा