सगळी मुलं महाबळेश्वरला

६ जानेवारी, सोमवार

वैभवीने हिरव्या पेनाचं टोपण दातांनी काढलं — तिथे सगळं बदललं! आज दुपारी. त्याआधीचा मी वेगळा, त्यानंतरचा वेगळा. टोपण तसंच दातांत धरून तिने विचारलं, "तुम्हीच का नवीन तपासायला आलेले?" मी म्हटलं, "हो." बस्स, एवढंच. एरवी माझं तोंड बंद करायला चार माणसं लागतात.

जागा — बोईसरला नवापूर नाक्याजवळ, हार्डवेअरच्या दुकानावर, निमेश सरांचा क्लास. काम — दहावीच्या सराव परीक्षेतले इंग्रजीचे पेपर. मी लाल पेनाने तपासायचे, तिने हिरव्याने फेरतपासणी करायची. सर म्हणाले, "लाल चुकला तर हिरवा सुधारेल. हिरवा चुकला तर मी बघीन. मी चुकत नाही, भाई." मुलाचं नाव दिसू नये म्हणून पेपरचा कोपरा दुमडून स्टेपल मारलेली असते. बोर्डाची शिस्त, म्हणे. मला चालेल. मला नावाशी नाही, लिहिण्याशी मतलब.

कॉलेज का सोडलं, हेही विचारलं त्यांनी. म्हटलं, "पटलं नाही." तर म्हणाले, "इंग्लिश येतं ना? मग बस."

येतं! नुसतं येत नाही, चांगलं येतं.

वैभवी. शिरगावची. बी.एड. करतेय.

७ जानेवारी

आई भाकरी थापता थापता — "स्वतःचा पेपर टाकून आलास, आता लोकांच्या पोरांचे तपासतोस होय रे?" पप्पा अणुवीज प्रकल्पात कंत्राटी फिटर, कऱ्हाडाहून आलेला माणूस, जेवताना बोलत नाहीत. पण आमटीची वाटी माझ्याकडे सरकवताना असं बघितलं, की त्यापेक्षा बोलले असते तर बरं.

मी पेपर टाकला नाही. मी माझ्या मनाने लिहिलेलं उत्तर अर्चना मॅडमनी लाल रेघेने उभं चिरलं होतं. "माझ्या नोट्समधलं लिहिलं असतंस तर साठाला मरण नव्हतं, सुजित." मी म्हणालो, "मग माझ्या नावाने तुम्हीच का नाही लिहिलात?" आणि निघालो. दार आपटलं. वरची काच तडकली. पालघरच्या कॉलेजात ती काच अजून तशीच आहे म्हणतात. असू दे! माझी खूण.

९ जानेवारी

पहिला गठ्ठा हिरव्यातून परत आला. माझ्या एकाही मार्काला तिने हात लावलेला नाही! प्रत्येक पेपरवर माझ्या लाल सहीखाली तिची छोटी हिरवी सही. वेलांटी वर जाऊन थोडी वाकते. आमची नावं अशी एकाखाली एक अजून कुठल्या कागदावर येतात? पत्रिकेवर. लग्नाच्या.

मला खात्री आहे. अशी खात्री मला पास होण्याचीही कधी नव्हती.

११ जानेवारी, शनिवार

दुसरा गठ्ठा. निबंध — 'मला आवडलेला प्रवास'. दहा मार्कांचा.

पहिला मुलगा आईवडिलांबरोबर महाबळेश्वरला गेला. स्ट्रॉबेरी खाल्ली. सूर्यास्त पाहिला. 'द सन वॉज लाइक अ गोल्डन बॉल.' ठीक. दुसराही महाबळेश्वरला गेला. तिसराही. सगळा क्लास महाबळेश्वरला! सगळ्यांनी तीच स्ट्रॉबेरी खाल्ली, सगळ्यांचा सूर्य सोन्याचा चेंडू, आणि सगळ्यांचे वडील एकाच ठिकाणी म्हणतात, 'नेचर इज अवर मदर'. अरे, इथल्या दांडी गावची मुलं तुम्ही, दारात समुद्र! रोज तिथे सूर्य बुडतो, तो नाही दिसला कुणाला?

डोकं फिरलं. अर्चना मॅडमच्या नोट्स पुन्हा समोर आल्यासारखं झालं. सगळ्यांना निबंधात शून्य दिलं. फटाफट. आणि सगळ्यात वरच्या पेपरवर लालने लिहिलं — 'हा निबंध ज्याने लिहून दिला, त्याने महाबळेश्वर पाहिलेलं नाही आणि इंग्रजीशीही त्याची ओळख नसावी.' कुठल्या तरी गाईडमधून निमेश सरांनीच उतरवून दिला असणार. वाचू देत. घाबरतो का मी?

फक्त एक पेपर वेगळा निघाला. तिचा — मुलगीच असणार — प्रवास ट्रकमधून. दिवाळीनंतर सगळं घर वीटभट्टीवर निघालंय. ट्रकमध्ये भांडी, गोधड्या, माणसं. 'हेन सीट ऑन माय लॅप. हेन नॉट अफ्रेड. आय अफ्रेड.' कोंबडी माझ्या मांडीवर. कोंबडी घाबरत नाही. मी घाबरते. बास! मी खुर्चीतून उठलोच. एकही वाक्य धड नाही, आणि एकही वाक्य खोटं नाही. दहापैकी नऊ.

वैभवी हे वाचेल तेव्हा तिला कळेल मी कोण आहे ते.

१३ जानेवारी, सोमवार

कळलं तिला.

महाबळेश्वर तिनेच लिहून दिलं होतं.

ती गठ्ठा घेऊन आली, माझ्यासमोर ठेवला, आणि तो वरचा पेपर उलटा करून माझ्याकडे फिरवला. "माझी इंग्रजीशी ओळख नाही का? बरं. तुम्ही करून द्या." मी म्हणालो, "मला वाटलं निमेश सर—" "म्हणजे सरांना चाललं असतं?"

तिथेच गप्प बसायला हवं होतं. मी बसलो का? मी म्हणालो, निबंध कुणीही दिला असला तरी पोपटपंचीच आहे! तेव्हा ती तुम्हीवरून तूवर आली. "यांच्या घरात इंग्रजी कुठे असते माहितीये? साबणाच्या कागदावर. पाठ केलेला निबंध हा त्यांच्या हातातला दोर आहे. तो धरून पास होतात, आयटीआयला जातात. तुला सोडायला कॉलेज तरी होतं. यांना धरायला काय आहे?"

मग ट्रकचा पेपर काढला. माझा नवाचा आकडा हिरव्याने खोडलेला. तीन! "बोर्डाचा तपासनीस हा पेपर किती वेळ बघेल? तुझ्यासारखा उभा राहून? व्याकरणाला तो तीनच देणार. मग आपण आधीच सांगितलेलं बरं."

निमेश सर मध्ये आले. "अरे भाई, एवढे झीरो? उद्या सगळ्यांचे आईबाप खाली शटरपाशी उभे राहतील." शून्यांवर हिरवे सात बसले. सगळीकडे. वैभवी माझ्यासमोर बसून खोडत होती. टोपण दातांत नव्हतं.

१४ जानेवारी, संक्रांत

तिने सगळ्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. माझा टेबलावर ठेवला. "घ्या. पुढचं वाक्य तुम्हीच तयार करून म्हणा, पाठ केलेलं तुम्हाला चालत नाही."

निमेश सर एवढे हसले, की त्यांना ठसका लागला.

तिळगूळ खाल्ला. गोड होता. चिडलेली असूनही वडी माझ्यासाठी मोठी निवडली होती. मी बघितलंय.

१७ जानेवारी, शुक्रवार

आज मी हट्टच धरला. ट्रकवाल्या मुलीला बोलवा, तिलाच विचारू. स्टेपल उघडायची नसते, पण वैभवी म्हणाली, "हिरव्याला अधिकार आहे," आणि नखाने उचकटली. चिमी. मनोरच्या पुढच्या पाड्यावरची. आईबाप भट्टीवर, ती इथे बोईसरला मावशीकडे राहते. मावशी कंपनीत पॅकिंगला आहे.

चिमी आली. दाराशीच उभी. मी मोठ्या थाटात सांगितलं, "सगळ्या क्लासमध्ये खरा निबंध तुझा एकटीचा! सुचला कसा?"

तिने मान खाली घातली. "चुकला सर. म्हाबळेसर पाठच नाय झाला. लय येळा वाचला. मग जा आटवला ता लिवला."

"अगं, चुकला नाही. चांगला आहे."

"मंग तीन कसं?"

मी वैभवीकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

"सर, मला म्हाबळेसर परत द्या ना. मी पाठ करीन. बोर्डात कोंबडीला कोन मार्क देल?"

वैभवीला हसू येईल, मला वाटलं. आलं नाही. ती चिमीच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसली. "कोंबडीचं पुढे काय झालं गं?"

"भट्टीवर हाय. अंडी देतं. मुकादमाची बायको मागते, आई देत नाय."

"हे का नाही लिहिलंस?"

"याला इंग्रजीत काय म्हनतात तां कुटं येतं, बाई?"

वैभवीने हिरवं पेन काढलं आणि तिला पाच वाक्यं दिली. निबंध नाही, वाक्यं. निघालो कसे, बरोबर काय घेतलं, वाटेत काय दिसलं, भीती कसली वाटली, पोचल्यावर काय झालं. "मधल्या जागा तू भर. म्हाबळेसर पाठ करायचं नाही. हे पाच खांब पाठ कर."

मी इतके दिवस ओरडून जे सांगत होतो, ते तिने पाच ओळींत बांधलं. आणि ती जे सांगत होती, तेही त्यातच होतं. दोर आणि ट्रक, दोन्ही.

खाली उतरताना म्हणाली, "बरोबर तूच होतास. म्हणजे अर्धा."

अर्धा! अर्ध्यावरच तर सोडतो मी सगळं. हे ती मुद्दाम म्हणाली का?

२३ जानेवारी, गुरुवार

फेरपरीक्षा. तोच निबंध. कुणी शिरगावच्या किल्ल्यावर गेलं, कुणी बापाच्या होडीत बसून पहाटे गेलं आणि ओकलं. एकजण आजीबरोबर एडवणला सुकी मासळी आणायला. एकजण, तो इरसाल मेहुलच असणार, पुन्हा महाबळेश्वरला गेला, पण या वेळी तिथे त्याला माकडाने चावलं! सात दिले.

चिमीची कोंबडी अंडी देते. व्याकरण अजून लंगडं. मी आठ दिले. हिरव्याने तिथेच साडेसात केले आणि समासात लिहिलं — 'अर्धा स्पेलिंगचा. कोंबडीचा नाही.'

पण खरी गोष्ट वेगळीच. मुलं लिहीत होती, मी पहाऱ्यावर होतो. बसवेना. एक पुरवणी घेतली, शेवटच्या बाकावर बसलो, आणि मीही लिहिलं. मला आवडलेला प्रवास. हार्डवेअरच्या दुकानापासून वरच्या मजल्यापर्यंतचा जिना. सोळा पायऱ्या. वर कोण असतं, ती पेनाचं टोपण कशाने काढते, सगळं. इंग्रजीत! सुंदर इंग्रजीत! कोपरा दुमडला, स्टेपल मारली, ती घरी नेणार होती त्या गठ्ठ्यात मधोमध सरकवला.

ती हो म्हणेल. असं लिहिल्यावर कोण नाही म्हणेल?

२४ जानेवारी, शुक्रवार

तीन!

दहापैकी तीन! स्टेपलही उघडली नव्हती. अक्षर ओळखलं असणार, म्हणूनच उघडली नाही. खाली हिरव्यात — 'प्रवास सांगितला, पोचल्यावर काय, ते नाही. शेवट लिहिलेला नाही. अर्धवट. पुन्हा लिहा.'

मी जिन्यात गाठलं तिला. "हे काय आहे?"

"तपासणी."

"वैभवी, मी तुला—"

"वाचलं मी. चांगलं लिहितोस. इतकं चांगलं, की राग आला मला. चिमी पाठ होत नाही म्हणून रडते, तरी पुन्हा बसते. तू काय केलंस? काच फोडलीस, सगळ्या पालघरला माहितीये." मग खालच्या आवाजात, "मला अर्धवट नको आहे, सुजित. कशातलंच."

आणि गेली. कधी नव्हे ते सुजित म्हणाली!

२५ जानेवारी

मी जाणार नाही. पुन्हा परीक्षेला बसायचं, तर फॉर्मवर अर्चना मॅडमची सही लागते. म्हणजे त्याच दारातून आत जायचं. त्या तडकलेल्या काचेखालून. आणि म्हणायचं, मॅडम, सही. मी? त्या बाईकडे? कदापि नाही. प्रेमात माणसाने काय काय म्हणून करायचं!

२७ जानेवारी

त्यांच्या नोट्स भिकारच होत्या. यावर मी ठाम आहे.

पण मीही आज एका पोराचा परिच्छेद उभा चिरला. वाचायच्या आधी. अक्षर घाणेरडं होतं म्हणून. हात आपोआप चालला. मग थांबलो, वाचला. बरा होता.

२९ जानेवारी

उद्या फॉर्मचा शेवटचा दिवस. मला काय त्याचं.

आईने न विचारता निळा शर्ट इस्त्री करून ठेवलाय. हिला कुणी सांगितलं?

३० जानेवारी, गुरुवार

शेवटचा सराव पेपर. पहारा माझा. मुलं लिहायला लागली, तसा लाल पेन खिशातून काढून टेबलावर ठेवलं. वैभवीने वर बघितलं. "कुठे?"

"पालघर."

हिरव्याचं टोपण तिच्या दातांत होतं. ते काढून हळूच म्हणाली, "मॅडमना काय सांगणार?"

"पाठ केलेलं काही नाही."

चिमी मान वर करून आमच्याकडे बघत होती. वैभवी म्हणाली, "तू लिही." कोणाला म्हणाली, कळलं नाही.

बाहेर पडलो. या दाराची कडी वाजते, म्हणून तिच्याखाली हात धरला आणि दार ओढून घेतलं. आत पेपर चालू होता.