सांताक्रूझहून आलेली कॉइल

प्रिय रेनान,

हे पत्र कोर्टासमोर बसणारा टायपिस्ट डॉन इलारिओन टाइप करतोय. मध्येच माझी वाक्यं सुधारायला जातो. त्याला म्हटलं, नातू माझा आहे, तू फक्त बोटं चालव.

दर फोनला तू एकच विचारतोस, मी गुंडाळलेली कॉइल टिकली ना? फाउस्टोकाका टिकली म्हणतो. तुझ्या बापाचं काळीज बंद पडलं, एवढंच तुला कळवलं. काळीज सगळ्यांचंच बंद पडतं रे. कशानं, ते विचारायचं असतं.

खाणीच्या प्रयोगशाळेतून दुरुस्तीला आलेला तो जुना ऑसिलोस्कोप, विजेची लाट पडद्यावर दाखवणारा, माझ्याहून जड आणि माझ्यासारखाच कुरकुऱ्या. तुझ्या बापानं, माझ्या सेवेरोनं, त्यात तुझी कॉइल बसवली आणि पडद्यावर हिरवी रेघ उमटली. त्यानं शेजारपाजारच्यांना ओढून आणून दाखवली. मला म्हणाला, "आई, तुझ्या विणकामापेक्षा सरळ आहे." मी म्हटलं, तुझ्या नाकापेक्षाही. मग यंत्रावर दारूचे चार थेंब शिंपडले, चार धरणीमातेला पाजले, आणि तो बारीक जुळवाजुळव करायला बसला. डावा हात कारागिरांच्या रिवाजाप्रमाणे खिशात, म्हणजे वीज एका हातातून दुसऱ्या हातात छातीतून जात नाही.

परक्याची कॉइल तो पट्टी लावून मोजायचा. तुझी मोजली नाही.

इथं डोंगरावर, एल आल्तोच्या विरळ हवेत वीज लांब उडी मारते, म्हणून इथले कारागीर तारांत दुप्पट अंतर सोडतात, वर मेणाचा जाड थर देतात. तू तिकडचं, खाली सपाटीवरच्या सांताक्रूझचं अंतर ठेवलंस. मक्याच्या दाण्याएवढी ठिणगी उडाली. तिनं तो मेला नाही. तो दचकला, डावा हात खिशातून निघाला आणि आधारासाठी यंत्राच्या खालच्या धातूच्या पट्टीवर पडला. मारणारी वीज तिथं होती. मी समोर बटाटे सोलत होते.

फाउस्टो म्हणतो, पोराला कळलं तर तो पुन्हा तारेला हात लावणार नाही. मीही गप्प राहिले असते. पण काल तुझी दुसरी कॉइल आली. बोटांनी चाचपली, अंतर तेच. काका म्हणतो, मेण थापून भागवतो, त्याला कळवू नको. मी ती घागऱ्याखाली घेऊन बसलेय. मला उठवायची त्याची छाती नाही. पत्राबरोबर ती परत पाठवतेय. तार सोडव आणि दुप्पट अंतरानं गुंडाळ. रडायचं असेल तर आधी रडून घे. गुंडाळताना नको, हात हलतो.

तुझीच,
आजी निकानोरा