बंद लिहिलेल्या विहिरी

धुळे, १२ जानेवारी १९९८

चि. अभिमन यास अनेक आशीर्वाद.

नरडाण्याजवळ येणाऱ्या रंगाच्या कारखान्याचा पर्यावरण अहवाल मी आज कचेरीत बसून वाचला. त्यात आपल्या खैरवाड्याच्या नाल्याकाठच्या सगळ्या विहिरी 'बंद, वापरात नाहीत' अशा लिहिल्या आहेत. तुझीही. म्हणून हे पत्र. विहिरी बंद आहेत, तेव्हा कारखान्याचं शुद्ध केलेलं सांडपाणी नाल्यात सोडायला हरकत नाही, असं पुढे म्हटलं आहे.

पाहणी करणारा इंजिनियर तिथेच भेटला. मी त्याला वर्गातल्या आवाजात झापलं. तो शांतपणे म्हणाला की बाई, मी प्रत्येक विहिरीवर गेलो होतो, मालकांनीच तसं सांगितलं. माणूस खोटारडा वाटला नाही. दिवाळीत मी तुझ्या विहिरीचं पाणी प्यायले, तेव्हा मोटार धो धो चालू होती. मग ही विहीर बंद कधी झाली?

जनसुनावणी १८ फेब्रुवारीला कलेक्टर कचेरीत आहे. उलट टपाली कळव. तीळगूळ सोबत पाठवणार होते, पण आधी उत्तर.

तुझी अक्का


खैरवाडे, १७ जानेवारी

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

त्या इंजिनियरची चूक नाही, आमची आहे. मार्गशीर्षात जीप आली. उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं, मोटार किती हॉर्सपॉवरची? आम्हाला वाटलं, वीजचोरी पकडणारं पथक आलं. जोडणीचे अर्ज चार वर्षं पडून आहेत, तोवर बठ्ठा गाव तारेवर आकडे टाकून मोटारी चालवतो. हे तुला कधी सांगितलं नव्हतं. सुकदेवने बांधावरून हाळी दिली. आम्ही आकडे ओढले, मोटारींवर कडबा टाकला आणि विहिरी बंद आहेत म्हणून सांगितलं. तुझी भावजय पुष्पा तारेच्या भेंडोळ्यावर गोधडी घालून बसली आणि कंबर धरली म्हणून कण्हू लागली.

शेजारच्या सुपडूने तर कमाल केली. तीन वर्षं विहिरीला थेंब नाही म्हणून तो रडला. कीव येऊन इंजिनियरने त्याला स्वतःच्या कॅनमधलं पाणी पाजलं. आम्ही दोन दिवस हसत होतो.

तुझं पत्र पारावर वाचून दाखवलं तेव्हा कुणी हसलं नाही. विहिरी चालू आहेत असं सांगावं तर वीजचोरी कबूल होते. गप्प बसा, असं सगळ्यांचं मत पडलं. कारखान्यात कामंही मिळतील म्हणतात. पण आमची सगळी आळी उन्हाळ्यात माझ्याच विहिरीवर पाणी भरते. अक्का, तू नाव न घालता एक अर्ज करून टाक ना.

धाकट्याला पदरात घे.

अभिमन


धुळे, २१ जानेवारी

चि. अभिमन यास अ. आ.

निनावी अर्ज मी करत नाही. विहीर तुझी, तोंड तुझं.

जळगावच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकले त्याला तीस वर्षं उलटली, तरी एवढं समजतं. कारखाना पाणी नीट शुद्ध करीलही. पण नाला तुमच्या विहिरींत झिरपतो, आणि ज्या विहिरी कागदावर बंद आहेत त्यांचं पाणी कुणी कधी तपासायला येणार नाही. उद्या पाण्याला वास आला, कुणाच्या अंगावर फोड उठले, तर तुम्ही कुणाकडे दाद मागणार? तुम्हीच सांगितलंत ना की पाणी नाही?

मोटार जप्त होऊ शकते. गहू ऐन भरात असताना पाणी तुटेल. मी कुणाची ओळख काढून तुला सोडवणार नाही, हे आधीच सांगते. सुपडूला म्हणावं, एवढं नाटक येतं तर तमाशात तरी नाव काढायचं होतंस.

तीळगूळ पाठवते आहे. खा आणि विचार कर. पुष्पाच्या कंबरेला माझा आशीर्वाद.

अक्का


खैरवाडे, ११ फेब्रुवारी

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

मी येतो. फक्त माझ्या विहिरीबद्दल बोलेन, दुसऱ्या कुणाचं नाव घेणार नाही. एवढं पारावर सांगितलं आणि त्या दिवसापासून माझ्याशेजारी कुणी बसत नाही. सुपडूने भर बाजारात विचारलं, तुले मोटार जड व्हयनी का? सुकदेव म्हणाला, अक्काले शहरमा नळ शे, तिले काय जास सांगाले!

ते मला लागलं, कारण खोटं नाही. तुझ्या घरी नळ आहे. इथे गहू दुधावर आहे, अजून दोन पाळ्या पाणी हवं. रात्री झोप येत नाही. पुष्पा म्हणते, जायचं तर धुतलेला सदरा घालून जा, चोरासारखं जाऊ नका.

रागावलीस तरी माया आटू देऊ नको.

अभिमन


धुळे, १९ फेब्रुवारी

चि. अभिमन यास अ. आ.

काल तू आकड्यांसकट सगळं सांगितलंस. लोक हसले तेव्हा मला उठून त्यांना बाकावर उभं करावंसं वाटलं. सुकदेवचं म्हणणं मलाही लागलं. ते खरंच आहे.

तू लगेच एस.टी. गाठलीस, म्हणून पुढचं तुला ठाऊक नाही. साहेब नावं पुकारणं बंद करत होते, तेवढ्यात मागच्या रांगेतून सुपडू उठला. तुझ्याच गाडीने आला होता म्हणे, तुझ्याकडे पाठ करून. पुढे येऊन त्याने प्लॅस्टिकचा डबा टेबलावर ठेवला. मग एवढंच म्हणाला, पानी शे साहेब, मी लबाड बोलनू. या वेळी कुणी हसलं नाही.

साहेबांनी लिहून घेतलं. पुन्हा पाहणी करू असं म्हणाले नाहीत, आणि करणार नाही असंही नाही. तुझ्या मोटारीसाठी माणसं येतील. आली की कडबा तूच बाजूला कर. गव्हाचं काय होईल ते मला माहीत नाही.

पोचपावती माझ्याकडे आहे, खाली नक्कल केली आहे. सुपडूलाही वाचून दाखव. त्याच्याशी आधी तू बोल, आणि या म्हातारीवर जीव असू दे.

अक्का

दि. १८ फेब्रुवारी १९९८, जनसुनावणीत दिलं ते:
अभिमन धनसिंग यांचं निवेदन, सहीसह, एक.
त्यांच्या विहिरीचं पाणी, काचेची बाटली, एक.
सुपडू नथ्थू यांचा जबाब, अंगठ्यासह, एक.
त्यांच्या विहिरीचं पाणी, डबा, एक.
नाल्याकाठच्या बाकीच्या विहिरींबद्दल काही नाही.