वरवंट्याची कबर

घोटावडे, ता. मुळशी
१२ नोव्हेंबर २०२५

नसीम,

असलाम वालेकुम. तुझं तिकडचं नाव माझ्या जिभेवर बसत न्हाई, म्हणून मी, तुझी थोरली भन, घरचंच लिहितीया. उषाबाई, तुमी पुण्याच्या, आता हॉलंडात ऱ्हाता आन हे तिला वाचून दाखवणार, म्हणून तुमालाबी सलाम. मी जितं तोंड सोडलंय तितं गोड करून सांगू नका.

हितं सगळं बरं हाय. भात कापून झाला. मोईन, म्हणजे तुझ्या पाठचा भाऊ, त्यानं शेताच्या तुकड्यावर खोल्या बांधल्यात, कंपनीतली पोरं भाड्यानं ऱ्हात्यात. माझा नवरा वारल्यापासनं मी म्हायेरीच हाय.

फोटो बघितले. बर्फात सायकल घेऊन उभी हायेस, दोन्ही बाजूला ते गोरे आईबाप, आन मधी तू सगळे दात काढून हसतीयास. तुझ्या त्या वयात मोईन आन मी अब्बांच्या मागं खडीच्या खाणीत घमेली उचलत व्हतो. खरं सांगते, जळले मी. फोटो दोनदा पालथा ठेवला.

तू विचारलंस, आम्मीची कबर कुटं हाय, येऊन फुलं घालायची हायेत. तुला दत्तक देणाऱ्या संस्थेनं तुला लहानपणीच सांगितलं म्हणं, आई बाळंतपणात गेली. कबरस्तान वढ्याच्या कडंला हाय. दाखवू की. पण आत्ता नको. पिरंगुटापासनं रस्ता खणून ठेवलाय, घरात झोपायला जागा न्हाई, आन तुला हितलं पाणी सोसायचं न्हाई. उन्हाळ्यात तर मुळीच नको.

आणिक एक. तुझीबी कबर हाय तितं.

मोईन जन्मला तवा आम्मी बाजेवर व्हती. तुला गोवर आलेला, सव्वा वर्षाची व्हतीस. अब्बा तुला खांद्यावर टाकून पुण्याला दवाखान्यात घेऊन गेले आन दुसऱ्या दिवशी पांढऱ्या कापडाचं गाठोडं घेऊन आले. म्हणाले, गेली. आंघोळ तितंच घातलीया, रोग पसरंल, कुणी उघडू नका. पुरुषांनी न्हेऊन पुरलं. आमच्यात बाया कबरस्तानात जात न्हाईत. आम्मी ओली बाळंतीण, मोईनला घेऊन बाहेर भिंतीशी उभी ऱ्हायली. तवापासनं दर शबेबरातीला, मेलेल्यांच्या राती, तितंच उभं ऱ्हायचं. मोठा झाल्यापासनं मोईन आत जातो, चुना लावतो, फुलं घालतो. आमी बाया बाहेरनं फातिहा पढतो.

त्याच आठवड्यात आमचा वरवंटा गेला. घरभर शोधला, न्हाई. शेजारची धोंडाबाई कायम मागायला यायची, म्हणून तिच्यावर आळ आला. चोरटी म्हणून साऱ्या आळीत तिचं नाव झालं. तिनं पोरांच्या शपथा घेतल्या, पायावर डोकं ठेवलं, कुणी ऐकलं न्हाई. ती मेली तवा तिच्या मातीलाबी आमच्या घरातनं कुणी गेलं न्हाई. पाटा अजून परड्यात पालथा पडलाय.

आन आता इतक्या वरसांनी तुझं पत्र मशिदीच्या पत्त्यावर आलं. घरात एकच कालवा. कोण लबाड बाई हाय, जमिनीच्या वासानं आलीया, आपली नसीम तितं हाय, जाऊन उकरून बघा! मौलवी नको नको म्हणत व्हते. मोईननं उकरलं. हाडूक न्हाई, काय न्हाई. कापडाच्या चार चिंध्या, आन त्यात वरवंटा. कडंचा टवका उडालेला, तो मीच लहानपणी पाडलेला. आम्मीनं लांबूनच ओळखला, मग आयुष्यात पहिल्यांदा भिंतीच्या आत गेली आन मांडीवर घेऊन बसली.

गेलं लिहून. खोडत न्हाई आता.

आम्मी जिवंत हाय, नसीम. हितंच वट्यावर बसून पावटे सोलतीया आन मला बजावतीया, लिही, आई मेली, कोणतीबी कबर दाखव, फुलं घालून जाऊ दे.

अब्बांनी पुण्याला तुला त्या संस्थेत दिलं, तितं सांगितलं हिची आई मेली, हितं सांगितलं पोर मेली. दोघींना पुरून मानूस पुढं पंचवीस वरसं दोन येळंला पोटभर जेवला, हजला जायच्या गोष्टी करत मेला. त्यांना काय म्हणायचं ते तू तुझ्या भाषेत म्हण, माझ्या शिव्या संपल्या.

मी आम्मीशी लई भांडले. म्हणलं, आगं पोटची पोर हाय, जित्ती हाय, फोटो तरी बघ. बघितला न्हाई. म्हणाली, "माझं रडून झालंय. तिचंबी झालंय. आता परत कोण रडतंय? तिला म्हणाव, दोन वर्सांनी ये. तवर खरंच मेलेली असंन."

तिनंच मोईनला वरवंटा परत पुरायला लावला. वरनं चुना दिला. धोंडाबाईच्या पोराला, कैलासला, सांगायचंबी न्हाई म्हणून दम भरला. म्हणती, मी जिच्यासाठी भिंतीशी उभी ऱ्हायले ती हीच, मला हिच्याच शेजारी ठेवा. दगडाला जागा हाय, तुला न्हाई. मला तिचा संताप येतो आन तुझाबी येतो. कशाला लिहिलंस गं? आमची पोर मेली व्हती, आमचं बरं चाललं व्हतं.

यायचं तर ये. रस्ता खणलेला न्हाई, जागाबी हाय, मघाशी खोटं लिहिलं. पण ती तुला उंबऱ्याच्या आत घेईल, असा शब्द मी देत न्हाई. बाहेर उभी ऱ्हायची तयारी ठेव. तीबी तशीच उभी ऱ्हायलीया.

पत्राच्या शेवटी थोरल्यांची दुवा लिहायची रीत हाय. म्हणून आत्ता विचारलं तिला, काय लिहू? मान वर केली न्हाई. पावटे सोलता सोलता म्हणाली, "मेलेलं मानूस दुवा देतंय व्हय?"

तवा ही फकस्त माझी,
मैमुना आपा