कालकथित सहदेव व शालन

मी, शालन सहदेव तांबे, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार मिरजोळे, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात, पूर्ण शुद्धीत आणि कोणीही न सांगता लिहून ठेवत आहे. "कोणीही न सांगता" हे शब्द मी मुद्दाम अधोरेखित केले आहेत. म्हातारं माणूस कागद लिहायला बसलं की कोणीतरी पाठीमागे उभं आहे असं लोक धरून चालतात. माझ्या पाठीमागे भिंत आहे आणि खोलीचं दार मी आतून लावून घेतलं आहे.

मला दोन गोष्टींची विल्हेवाट लावायची आहे. एक घर आणि दुसऱ्या माझ्या चिकटवह्या. घरावरून आमच्यात भांडण होणार नाही असं सगळे म्हणतात, म्हणूनच ते लिहून ठेवणं भाग आहे. चिकटवह्यांसाठी भांडण होईल असं कोणालाच वाटत नाही, पण माझा जीव अडकला आहे तो त्यांच्यातच. त्या माझी सून करुणा हिच्या हाती द्याव्या की न द्याव्या, या एका प्रश्नाने मला गेला पावसाळा धड झोपू दिलेलं नाही.

कलम १. यापूर्वी मी ऑगस्ट महिन्यात एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात घर आणि चिकटवह्या दोन्ही माझ्या भावाची मुलगी तेजस्वी हिला दिलं होतं आणि मुलगा सुहास व सून करुणा यांना काहीही ठेवलं नव्हतं. ते मृत्युपत्र मी या लेखाने रद्द करते. ते का केलं आणि का मोडलं, हे कलम ४ मध्ये येईल. मधली कलमं गाळून कोणी थेट तिथे उडी मारू नये.

कलम २. चिकटवह्या म्हणजे काय, हे लिहून ठेवते. नाहीतर कोणीतरी त्यांना अल्बम म्हणेल आणि रद्दीत घालेल. मी शाळेत बाकी विषयांबरोबर कार्यानुभव शिकवत असे. मुलांना पानं, पिसं, काड्यापेटीची चित्रं चिकटवायला शिकवता शिकवता घरचे फोटो मी तसेच लावू लागले. फोटोच्या पाठीला मी कधीही खळ लावलेली नाही. लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे चार कोपरे करायचे, ते पानावर चिकटवायचे आणि फोटो त्यांत नुसता खोचायचा. फोटो मोकळा राहतो, काढून मागची तारीख वाचता येते आणि परत ठेवता येतो. काढणाऱ्याने परत ठेवला तर.

माझे यजमान सहदेव एस.टी.त कंडक्टर होते, जयगडच्या फेरीवर. त्यांच्या पेटीतली जुनी रंगीत तिकिटं लावून मी त्यांच्या फोटोंना किनार केली आहे. सुहासच्या लग्नाच्या पानावर पुठ्ठ्याची चकती आहे. ती फिरवली की वरच्या खिडकीतून एकेक पाहुणा दिसतो. चकती उजवीकडेच फिरवावी, डावीकडे फिरवली की सुहासच्या सासऱ्यांचं तोंड फाटतं. एकदा फाटलेलंच आहे. मालगुंडच्या समुद्राचं पान आहे, त्याला खालून पारदर्शक कागदाची पिशवी लावून आत तिथलीच वाळू भरली होती. ती आता अर्धीच उरली आहे. कोणी सांडली ते विचारल्यावर घरातली सगळी माणसं एकदम छताकडे बघू लागली. आणि नात श्रुतीची वही तर घड्यांची आहे. उलगडली की ती पाळण्यापासून कॉलेजच्या दारापर्यंत एका लांब पट्टीत चालत जाते.

सुहासचं म्हणणं, "आई, सगळे फोटो मोबाइलात आहेत, उगाच कशाला?" मोबाइल हरवला की त्याच्याबरोबर त्याची आई, बायको, मुलगी सगळी हरवतात आणि हा नवा मोबाइल घ्यायला जातो.

कलम ३. हत्यारं. माझी नागमोडी कात्री दीर केरू तांबे यांना द्यावी. केरूभावोजींनी रेशनकार्डासाठी आमच्या घरभरणीच्या फोटोतून स्वतःचं डोकं कापून नेलं होतं, तेही सरळ कात्रीने. त्या फोटोत ते आजही बिनडोक्याचे उभे आहेत. पुढच्या वेळी निदान कड तरी चांगली यावी. पंच, लोखंडी पट्टी आणि खळीचं पातेलं श्रुतीला. खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा, म्हणजे वाळवी लागत नाही, आणि ते पातेलं पुन्हा स्वयंपाकाला घ्यायचं नाही. कागद कापायचं मोठं पातं केरूभावोजींचा मुलगा धम्मदीप याला मुळीच देऊ नये. त्याने मागितलं तर सापडत नाही असं सांगावं.

कलम ४. आता मुख्य गोष्ट.

जुलैत मी मालगुंडचं पान उघडलं तर चार कोपरे जागेवर आणि मधला फोटो नाही. सहदेव मोकळेपणाने हसले आहेत असा तो एकच फोटो आहे. फोटो काढायचा म्हटलं की ते तिकीट न काढलेला प्रवासी सापडल्यासारखं तोंड करत. त्या दिवशी वाऱ्याने माझा पदर फोटोवाल्याच्या तोंडावर गेला आणि ते हसले. मी त्यांच्या शेजारी उभी आहे, माझा हात त्यांच्या खांद्यावर.

मी सगळ्यांना विचारलं. सुहास म्हणाला, बघतो. श्रुती म्हणाली, मी नाही घेतला. करुणाने काहीच न म्हणता भांडी घासायला घेतली. बाई अंगणवाडीत आहे, दिवसभर बोलतच असते. ती गप्प बसली तेव्हाच मी काय ते ओळखलं.

दुसऱ्याचं कपाट उघडू नये हे मी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना शिकवलं आहे. ऑगस्टात एक दिवस करुणा कामावर गेल्यावर मी तिचं कपाट उघडलं. जुन्या चादरीत गुंडाळलेली एक मोठी फ्रेम होती. आत तोच मालगुंडचा फोटो वाढवून, आम्ही दोघं, रंग उजळलेले. खाली सोनेरी अक्षरांत छापलं होतं: कालकथित सहदेव व शालन तांबे.

आमच्या बौद्ध घरांत गेलेल्या माणसाच्या नावाआधी कैलासवासी लावत नाहीत, कालकथित लावतात. मी त्या फ्रेमसमोर पलंगावर बसले. मी आयुष्यभर मराठी शिकवलं आहे. एका विशेषणापुढे दोन नामं आली आणि मधे 'व' असला, तर ते विशेषण दोघांनाही लागतं. माझ्या सुनेने माझी तयारी करून ठेवली होती. बॅनरसाठी फोटोची शोधाशोध नको, मी गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या दिवशी नुसती चादर सोडायची. मला राग आला. त्याहून जास्त भीती वाटली, हे इथे लिहायला मला लाज वाटत नाही. ज्या घरात मी चहा पिते, त्याच घरात मी आधीच गेलेली होते.

त्याच आठवड्यात मी तेजस्वीच्या नावाचं मृत्युपत्र केलं. त्यानंतर बरेच दिवस मी करुणाने केलेला चहा तिने आधी पिऊन बघितल्याशिवाय घेतला नाही. तिला वाटे मी कौतुकाने तिच्यासाठी थांबते.

शेवटी एका रविवारी मी सगळ्यांना बोलावलं, केरूभावोजी आणि धम्मदीपलासुद्धा, आणि फ्रेम जेवणाच्या टेबलावर आणून ठेवली. म्हटलं, "वाचा. मोठ्याने वाचा."

धम्मदीपचं रत्नागिरीत बॅनर छापायचं दुकान आहे. तो फ्रेमकडे बघून खुर्चीत खाली सरकला.

करुणा म्हणाली, "आई, तो शब्द फक्त बाबांना आहे."

"मधे 'व' आहे," मी म्हटलं. "मला व्याकरण शिकवू नकोस."

"मी कागदावर 'कालकथित सहदेव तांबे' एवढंच लिहून दिलं होतं. तुमचं नाव यानंच घातलं."

धम्मदीप म्हणाला, "काकी, फोटोत दोघा हायव, म्हणून म्या दोघांची नावं टाकली. काकीचं नाव नसलं तर काकीच वरडंल, असं वाटलं. हात बसलाय ओ माझा. सकाळपास्नं तसलीच ब्यानरं असतात. वाढदिवसाच्या ब्यानरवर पण एकदा कालकथित पडलंवतं, त्या माणसानं दुकानात येऊन मला धरलान."

केरूभावोजींनी त्याच्या पाठीत एक ठेवून दिली. "जिता माणूस समोर बसलाय नि हा ब्यानर करतोय."

"मग दोघांचा फोटो केलाच कशाला?" मी करुणाला विचारलं. "त्यांचा एकट्याचा करायचा. आणि चोरून कशाला?"

तेव्हा करुणा बोलू लागली. हॉलमध्ये सहदेवांचा जो फोटो आहे तो त्यांच्या ओळखपत्रावरचा वाढवलेला आहे. त्यात ते आरोपीसारखे दिसतात. हे खरं आहे, मीच ते कितीदा म्हटलं आहे. नोव्हेंबरात त्यांच्या पुण्यस्मरणाला हसरा फोटो लावावा, आईंना न सांगता, असं तिने ठरवलं. ती फोटो घेऊन धम्मदीपकडे गेली. त्याने संगणकावर मला पुसलं, पण माझा हात सहदेवांच्या खांद्यावर उरला. नुसता हात, पुढे बाई नाही. धम्मदीप म्हणाला, तोही काढतो, कळणारसुद्धा नाही.

"मी म्हटलं, नको," करुणा म्हणाली. "आईंचा हात त्यांच्या खांद्यावरनं काढायचा नाही. राहू दे दोघांना. मग हा असं छापून घेऊन आला. तुम्ही जित्या, हार घालता येईना. बाबा त्यात, टाकवेना. म्हणून चादरीत ठेवलं. तुम्हाला सांगायचं कसं, तेच कळेना."

ती रडत होती. मी तिला गप्प केलं नाही. मी तिच्या तोंडाकडे बघत बसले, कारण रडणं खरं की खोटं हे वर्गातल्या पोरांवरून मला कळतं. ते खरं होतं.

मूळ फोटो धम्मदीपच्या स्कॅन करायच्या यंत्रात झाकणाखाली पडून होता. तो त्याने परत आणून दिला, पण "साफ करून." म्हणजे पांढरी किनार पात्याने कापून टाकलेली. आता तो कोपऱ्यांत बसत नाही, खाली घसरतो. वरील कलम ३ मधील मनाई याच कारणाने.

कलम ५. मिरजोळ्याचं घर, अंगण आणि विहिरीच्या पाण्याचा हक्क माझी सून करुणा व मुलगा सुहास यांना मिळावा. येथे 'व' चा अर्थ दोघांनाही, समान आणि एकाच वेळी, असा घ्यावा. मी हे लिहीत बसले नसते, पण या अक्षराने मला एकदा फसवलं आहे. करुणाचं नाव आधी लिहिलं आहे तेही चुकून नव्हे. सुहास दिवसभर जयगडच्या बंदरात असतो आणि घरी आल्यावर घर कुठे गळतंय ते त्याला दिसत नाही. तेजस्वीला ऑगस्टचं मृत्युपत्र ठाऊक आहे. तिने मन लहान करू नये. तिला माझी पैठणी द्यावी. तिने ती उगाच जपून न ठेवता लग्नात नेसावी आणि कोणी फोटो काढला तर एक प्रत या घरी पाठवावी.

कलम ६. सर्व चिकटवह्या करुणाला, एकटीला. तिने त्यांत नवी पानं लावावीत, जुनी हलवू नयेत. एखादा फोटो तिला काढावासा वाटला तर काढावा आणि रिकाम्या जागी चिठ्ठी ठेवावी की मी नेला आहे, करुणा. तिने ते त्या जुलैत केलं असतं तर मला तीन महिने थंड झालेला चहा प्यावा लागला नसता.

फोटोच्या मागे नावं लिहिताना पेन्सिल वापरावी. माणसं बदलतात.

कलम ७. फ्रेमबद्दल. धम्मदीप ती फुकट दुरुस्त करून द्यायला तयार आहे. 'व शालन' एवढं खरवडतो म्हणाला. मी नको म्हटलं. यंदाच्या पुण्यस्मरणाला सहदेवांचा ओळखपत्रावरचाच फोटो लावला. करुणाने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं, आणि दोघींनी वंदना पुरी केली.

ती फ्रेम करुणाच्या कपाटात, त्याच चादरीत राहू द्यावी. माझ्या पश्चात हे मृत्युपत्र ज्या दिवशी वाचलं जाईल त्या दिवशी करुणाने ती स्वतःच्या हाताने बाहेर काढून हॉलच्या भिंतीवर लावावी. मजकुरात काहीही बदल करू नये. त्या दिवसापासून तो व्याकरणाच्या दृष्टीने बरोबर असेल.

आणि त्याआधी लावू नये. मी मधूनमधून कपाट उघडून बघणार आहे.

येणेप्रमाणे लिहिलेलं मी स्वतः दोनदा वाचलं, एकदा मनात आणि एकदा साक्षीदारांसमोर मोठ्याने. ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे. साक्षीदारांना यात काहीही मिळत नाही, म्हणूनच त्यांना बोलावलं.

ठिकाण: मिरजोळे, रत्नागिरी
दिनांक: ३० नोव्हेंबर २०२५

लिहून ठेवणार: शालन सहदेव तांबे (सही)

साक्षीदार:

१) गंगाराम धोंडू मोहिते, सेवानिवृत्त मुख्याध्यापक, मिरजोळे. लिहून ठेवणार बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्या शुद्धीत आहेत. सही करताना त्यांनी माझ्या वाक्यातली एक चूक दुरुस्त केली. (सही)

२) तुळसा रमेश कदम, शेजारीण. बाईंनी माझ्यासमोर सही केली. त्यानंतर करुणा चहा घेऊन आली. बाईंनी तो आधी घेतला. (सही)