ओल्या गादीची खुशाली

सातारा, ता. ३ जानेवारी १९४४

ती. सौ. आईस,
शरयूचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल आहेत, आजारी आहे ती फक्त गादी. हसू नकोस. माहेरून येऊन पंधरा दिवस झाले आणि तुझ्या नातवानं एकही रात्र कोरडी जाऊ दिलेली नाही. निजताना दुहेरी बाळुतं बांधते, वरून लंगोट आवळते, खाली दुपटं घालते. पहाटे हात लावावा तर बाळुतं एकीकडे, बाळ एकीकडे आणि ओल थेट गादीच्या कापसापर्यंत. पाच महिन्यांचं एवढंसं पोर, एवढं पाणी आणतं कुठून? परवा तर इकडून वळकटी उचलून ओसरीवर निजायला जाणं झालं. वर चेष्टा, की नाव दिगंबर ठेवलंत, आता त्याच्याकडून वस्त्रं सांभाळायची अपेक्षा कशाला!

सासूबाई मला काही बोलत नाहीत. पण गादी परसातच वाळत घालायला लावतात, पुढच्या कठड्यावर घातली तर आळीला दिसेल म्हणून. सध्या कापूस मिळत नाही, खोळीचं कापड कंट्रोलात. ही गादी कुजली तर दुसरी व्हायची नाही, हे त्या शालूबाईला सांगतात, मला ऐकू जाईल अशा आवाजात. शालूबाई म्हणजे बाळाला न्हाऊमाखू घालणारी, वडूजकडची. मी रात्री उठत नाही, डाराडूर झोपते, असा सासूबाईंना संशय आहे. रबरी कापड तर लढाईमुळे दृष्टीससुद्धा पडत नाही.

आम्हा चौघांना तू कसं कोरडं ठेवलंस, ते सविस्तर कळव. ती. बाबांना नमस्कार, मधूला पापा. लोभ आहेच, या खेपेस त्यात एखादा उपाय बांधून पाठव.

तुझी
शरयू


सांगली, ता. ६ जानेवारी १९४४

चि. सौ. शरयूस आईचे अनेक आशीर्वाद.

तुझी सासू बोलत नाही, याचीच मला जास्त धास्ती. बोलणारं माणूस परवडलं, आतल्या गाठीचं नको.

आता नीट वाच. नवं कापड ओल धरत नाही. माझं जुनं लुगडं दिलंय, ते फाड. मुलगा आहे, तेव्हा घडी पुढच्या बाजूला जाड हवी. तू मागे जाड करत असशील, मला खात्री आहे. गाठ बेंबीवर नको, कुशीला मार. खाली गोधडीचा तुकडा आणि त्याखाली मेणकापड. लंगोट फार आवळू नकोस, पोटाला काचेल.

एवढं करूनही गळतं ते पोर पाय झाडतं म्हणून. पाय झाडले की बाळुतं सरकतं, आणि सरकलं की संपलं. त्यावर माझा एकच उपाय. दिवेलागणीला सहाणेवर जायफळाचा एक वेढा द्यायचा आणि दुधातून चाटवायचा. एकच हं. पोर शांत निजतं. तुझ्या पेटीत गुटीची पुरचुंडी आहे, त्यात जायफळ आहे. सकाळची गुटी सासूबाई उगाळतात ना? त्यांना उगाळू दे. हे मात्र त्यांना सांगू नकोस. सांगलीचं शहाणपण म्हणून नाक मुरडतील. आपलं आपण करावं नि गप्प बसावं.

त्या शालूबाईवरही लक्ष असू दे. जावईबापूंना ओसरीवर थंडी बाधेल, त्यांना आत बोलाव. उत्तर लवकर धाड, म्हणजे माझा लोभ जागच्या जागी राहील.

आई


सातारा, ता. १७ जानेवारी १९४४

ती. सौ. आईस,
शरयूचा शि. सा. न. वि. वि.

आई, जिंकलीस! गादी आज सलग आठ दिवस कोरडी आहे. नुसती गादी नव्हे, पहाटे बाळुतंसुद्धा कधीकधी कोरडं निघतं. काल दोरीवर दिवसभराची मिळून पाचच बाळुती होती. सासूबाई शेजारी सांगत होत्या की मुलाला आता साताऱ्याची शिस्त लागली. मी पदरात हसले. माझा वेढा त्यांना अजून कळलेला नाही.

काल रविवारी बोरन्हाण झालं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, हातात हलव्याची बासरी. डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले, आळीतली पोरं ओरडत तुटून पडली, पण तुझ्या नातवानं डोळा उघडला नाही. बायका म्हणाल्या, असं गुणी मूल पाहिलं नाही. शालूबाई म्हणाली की लय शांत लेकरू हाय, जणू साधूच बसलाय. हल्ली दूध जरा कमी ओढतो. थंडीमुळे असेल.

तुझा तिळगूळ पोचला. मऊ होता, तुझं पत्रही पुढच्या वेळी तसंच येऊ दे.

तुझी
शरयू


सांगली, ता. १९ जानेवारी १९४४

चि. सौ. शरयूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना बोरन्हाणाशीच अडले. अगं, डोक्यावर बोरं पडली नि पोर दचकलंसुद्धा नाही, याला गुणी म्हणत नाहीत. इथं असताना दिवसाला अठरा बाळुती वाळायची, ती पाचावर आली? मी कोरडी गादी मागितली होती, कोरडं पोर नव्हे. पाणी कुठंतरी मुरतंय.

आमच्या मागच्या मनुबाईच्या नातीचं तुला सांगितलं नव्हतं. सांभाळणारी बाई नखाला अफू लावून चाटवायची, पोर झोपलं की ही मोकळी. कळलं तेव्हा पोर अर्धं झालं होतं. तू शालूबाईची नखं बघ. कनवटीला काय खोचते ते बघ. तिला बाळाजवळ एकटी सोडू नकोस. सासूबाईंवरही नजर ठेव, ज्यांना नातवापेक्षा गादीची काळजी अधिक. तुझ्या एका वेढ्यानं असं व्हायचं नाही, मी चारही मुलांना दिलाय.

बाळ किती वेळा पितो, किती वेळा भिजवतो, ते उलट टपाली कळव. मला इथं घास जात नाही. माझा लोभ तुझ्यावर आहे, विश्वास सध्या कुणावरच नाही.

आई


सातारा, ता. २२ जानेवारी १९४४

सौ. विहीणबाई यांस,
लीलाबाईचा स. न. वि. वि.

आपली पत्रं हल्ली आठवड्याला येतात, जाडही असतात. लेकीची माया आम्हीही समजतो. परंतु प्रत्येक पत्रानंतर सूनबाईंची नजर बदलते, म्हणून लिहिणं भाग पडलं. परवा त्यांनी शालूबाईला तीनदा हात धुवायला लावले. ती बिचारी विहिरीपाशी रडत होती, की आवं काकू, मी काय पाप केलं म्हून ताई माझी नखं बघत्यात.

आणि हात तपासणाऱ्या सूनबाई स्वतः दिवेलागणीला पदराआड काहीतरी घेऊन कोठीच्या खोलीत जातात. सहाणेचा आवाज मला कळतो. बत्तीस वर्षं या घरात उगाळते आहे. म्हणून सरळ विचारते, आपण काय पाठवलं आहे? बाळ मलूल दिसतो. दूध पिता पिता अर्ध्यावर सोडतो. मी बोलत नाही, याचा अर्थ मला दिसत नाही असा नव्हे.

आमच्या घरात झाकून काही होत नाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची चाल साताऱ्यात तरी नाही. खुलासा यावा. लोभ होता, तो राहावा अशी इच्छा आहे.

लीलाबाई


सांगली, ता. २४ जानेवारी १९४४

सौ. विहीणबाई यांस स. न. वि. वि.

आपलं पत्र आत्ताच मिळालं. मी काहीही पाठवलेलं नाही. गुटीची पुरचुंडी काय ती दिली होती, तीही बारशाला आपल्या डोळ्यांसमोर. माझ्या लेकीवर संशय घेण्याआधी परक्या हाताकडे पाहावं. आपल्या त्या शालूबाईला आजच्या आज काढून टाका. ती अफू देते असा माझा पक्का वहीम आहे. रागाने लिहिलं असेल तर मानू नये. नातू दोघींचा आहे.

उमाबाई


सातारा, ता. २६ जानेवारी १९४४, संध्याकाळ

ती. सौ. आईस,

नमस्कार. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

तुझं पत्र काल आलं आणि सासूबाईंनी शालूबाईला दारातूनच परत पाठवलं. ती गेली, तरी बाळ तसाच. काल रात्रीपासून बाळुतं कोरडं. सकाळी कोरडं, दुपारी कोरडं. छातीशी घेतला तर ओठ हलेनात, डोळे अर्धे उघडे. मामंजी स्वतः डॉक्टरांना घेऊन आले. त्यांनी पापण्या वर करून पाहिल्या, पोट दाबून पाहिलं आणि विचारलं की याला काय दिलंत. आम्ही दोघी म्हणालो, काही नाही. ते चिडले. म्हणाले की या घरात पोराच्या तोंडात जे जे गेलं, ते माझ्यासमोर आणून ठेवा.

मी पेटी उघडली आणि जायफळ आणलं. एक वेढा, म्हटलं, एकच. डॉक्टर म्हणाले, एका वेढ्यानं हे होणार नाही.

मग सासूबाई उठल्या. देव्हाऱ्यामागे हात घालून त्यांनी दुसरं जायफळ काढलं. त्या सकाळच्या गुटीत एक वेढा देत होत्या, पोर पाय झाडतं, गादी भिजते म्हणून. मला सांगितलं नाही, कारण सूनबाई सांगलीला कळवतील आणि विहीणबाई नावं ठेवतील. मग इकडून सायकलवर जाऊन शालूबाईला आणणं झालं. तिनं कनवट सोडली, त्यात तिसरं. न्हाणं झालं की मधातून एक वेढा. पोर रडलं की आम्ही तिच्या हाताला दोष देतो, काम जाईल, ही तिची भीती. म्हणाली की म्या एकच येढा देत हुते वो ताई, देवाशप्पत एकच.

तिन्ही जायफळं एका अंगानं झिजलेली. डॉक्टरांनी ती खिडकीत ओळीनं मांडली आणि म्हणाले की एका घरात तीन बाया, आणि एकीचा दुसरीला पत्ता नाही!

आता चमच्यानं दूध घालायचं, जागं ठेवायचं आणि वाट बघायची. उद्या सकाळपर्यंत लघवी झाली नाही तर इस्पितळात न्यायचं आहे. आज चूल पेटलेली नाही. सासूबाईंनी बाळुतं, लंगोट सगळं काढून टाकलंय. उघड्या बाळाला मांडीवर घेऊन गादीवर बसल्यात, हात त्याच्याखाली.

आई, तू सांगू नकोस म्हणालीस, मी सांगितलं नाही. तू त्यांना लिहिलंस की काही पाठवलं नाही. ते पत्र आज त्यांनी माझ्या हातात दिलं, तेव्हा पेटी उघडीच होती. मला तुझा फार राग आलाय. आणि तू आत्ता इथं हवी आहेस. दोन्ही खरं आहे.

शरयू


सातारा, ता. २७ जानेवारी १९४४, सकाळ

सौ. विहीणबाई यांस,

आज मायना लांबवत नाही. दिगू भिजला.

उजाडता उजाडता. माझी मांडी, लुगडं, गादी, खालची सतरंजी, काही म्हणता काही कोरडं ठेवलं नाही. सूनबाई बाळुतं घेऊन धावल्या. मी म्हटलं थांबा, त्याचं पुरं होऊ दे. बत्तीस वर्षांत एवढा वेळ ओल्यात बसले नव्हते, आणि उठावंसं वाटत नव्हतं. सूनबाई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडल्या. मीही रडले, हे त्या लिहितीलच, म्हणून आधी मीच लिहिते. मग तो असा ओरडला की सूनबाईंचे मामंजी ओसरीवरून धावत आले. दूध प्यायला. डॉक्टर येऊन गेले, धोका टळला म्हणतात.

आपण खोटं लिहिलंत. आमच्या घरात झाकून काही होत नाही असं मी लिहिलं, तेव्हा माझं जायफळ देव्हाऱ्यामागे होतंच. तेव्हा आपली फिटंफाट झाली. शालूबाईशी मात्र व्हायची आहे. मी तिच्या दारी गेले होते. तिनं आधी तोंड फिरवलं, मग तेलाची वाटी उचलली.

तिन्ही जायफळं एका डबीत घालून फडताळात पुढेच ठेवली आहेत. होळीच्या पुरणात संपवू.

आपण यावं. येताना जुनी लुगडी सापडतील तितकी आणावीत, इथली सगळी भिजली आहेत. घर विचारत बसावं लागणार नाही. गादी मी पुढच्या कठड्यावर वाळत घातली आहे.

लोभ वाढवायला आता हरकत नसावी.

लीलाबाई