कालिंदीचा उपास

राजा घाट, काशी
१६ जानेवारी १९९६

कालिंदीला शून्य कोणी दिलं? तू. पुण्याहून एवढा प्रवास करून आलीस, म्हाताऱ्यांचे घरात हाल होतात का ते मोजायला अठरा प्रश्न विचारलेस आणि हाल शून्य लिहून गेलीस.

चि. मुक्ता, आशीर्वाद आता घे. इकडे सगळे बरे. तुझ्या श्रीनिवासकाकाचा खोकला आहे तसाच.

कालिंदी पडल्यापासून अंथरुणावर आहे. तिने अन्न सोडलंय, काशीत देह ठेवायचाय, असं सगळा मोहल्ला म्हणतो. लोक दर्शनाला येतात, पाया पडतात. तू विचारत होतीस तेव्हा तिची सून नंदा उशाशीच बसली होती. पोट भरतं का, यावर नंदानेच सांगितलं की व्रत आहे, आणि तू ते उतरवून घेतलंस.

परवा संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन गेले. वाटलं, हात लावून बाजूला ठेवेल. नंदा खाली पाणी भरत होती. बाईने पुडी कागदासकट तोंडात कोंबली. मग स्वतःची बोटं चाटली. मग माझी चाटली. असलं व्रत मी सत्तर वर्षांत पाहिलं नाही. कागद दुरुस्त कर.

तुझी आजी, आनंदी


पुणे
२५ जानेवारी १९९६

ती. आजीस, साष्टांग नमस्कार आणि त्याहून मोठी क्षमा.

चूक माझीच. म्हाताऱ्या माणसाला एकटं गाठून विचारायचं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण नंदाकाकूंनी चहा-पोहे पुढे ठेवले आणि त्यांना बाहेर जा म्हणायची मला लाज वाटली.

ही पाहणी करवणाऱ्या आमच्या सरांना तुझं पत्र दाखवलं. ते म्हणाले की एका तिळगुळावरून कागद बदलता येत नाही, काहीतरी मोजलेलं हवं. तू प्रश्न पुन्हा विचारशील का, कोणी नसताना? आणि श्रीनिवासकाकांना म्हणावं, कालिंदीआजींच्या मुलाशी, बिंदुमाधवकाकांशी, बोला. चिडलीस तरी अक्षर सुरेख काढतेस हो.

रागावलीस तरी माया कमी करू नकोस.
मुक्ता


राजा घाट
१२ फेब्रुवारी १९९६

चि. मुक्ता, आशीर्वाद. अक्षराचं कौतुक पुरे.

श्रीनिवास म्हणाला, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायचं नाही, आणि पेपर उघडून बसला. तुझ्या सरांना माप हवं ना? वजनकाटा मी कुठून आणू? काळभैरवाचा काळा गंडा आणला आणि कालिंदीच्या दंडाला घट्ट बांधला. नंदा खूश. आठ दिवसांत तो घसरून कोपराशी आला. तो कापून दुसरा बांधला, मग तिसरा. तिन्ही पाकिटात घातलेत, गाठीपासून मोजा. तिसरा माझ्या मनगटाला बसतो.

प्रश्नही विचारला. पोट भरतं का म्हटलं, तर म्हणाली, विचारतेस काय, आणलंयस काय. पदराखाली दूध-पोळी होती, ती भरवली. बाकीचे सतरा प्रश्न राहिले.

मग नंदाला जिन्यात गाठलं. आधी कानावर हात ठेवले, मग रडली. दिवसाला सहा लुगडी धुऊन तिची कंबर गेलीय. म्हातारीला कमी खायला घातलं की कमी धुवावं लागतं, एवढाच तिचा हिशेब. मोहल्ल्याने त्याला व्रत म्हटलं आणि तिला आयतं निमित्त सापडलं. बिंदुमाधव सकाळी जातो तो रात्री येतो, त्याला खरंच व्रत वाटतं.

आणि व्रत हा शब्द पहिल्यांदा कोणी काढला, विचार. मी. दिवाळीत तिच्या उशाशी नुसता पाण्याचा तांब्या पाहिला आणि कालिंदीने अन्न सोडलं म्हणून घाटभर सांगत सुटले.

लवकर काही कर.
आनंदी


पुणे
१८ फेब्रुवारी १९९६

ती. आजीस, सा. न.

दोरे मोजले. साडेसात इंच, सात, साडेसहा. सरांनी माझ्या हातातून घेऊन पुन्हा स्वतः मोजले. कागद बदलायचं त्यांना पटलंय, पण बदल मंजूर करणारी समिती मार्चअखेर बसते. बिंदुमाधवकाकांना मी आजच वेगळं पत्र टाकते आहे. तोवर रोज काहीतरी भरव गं. जीव थाऱ्यावर नाही.

तुझीच,
मुक्ता


राजा घाट
२४ फेब्रुवारी १९९६

भरव म्हणतेस. दार बंद आहे.

शिवरात्रीला तिच्या दर्शनाला रांग लागली होती. मी जिन्यात उभी राहून सगळ्यांना सांगितलं की व्रत ही माझी थाप आहे, बाई भुकेली आहे, कोणीतरी दूध आणा. एका बाईने मला बाजूला ओढून समजावलं की माताजी, दुसऱ्याच्या पुण्यावर जळू नये. बिंदुमाधवाने हात जोडून मला खाली उतरवलं. तेव्हापासून मला वर सोडत नाहीत. डॉक्टरकडे गेले, तर घरच्या माणसाने बोलावल्याशिवाय येणार नाही म्हणाला. तुझं पत्र बिंदुमाधवाला मिळालं. वरचा नमस्कार तेवढा वाचला आणि आईची कीर्ती पुण्याला पोचली म्हणून चार जणांना सांगत फिरला.

काल कालिंदीची हाक ऐकू आली. आज आली नाही.

मुक्ता, तू त्यांच्याकडे पाहुणी होऊन गेलीस, तुला दार उघडतील. नंदाला म्हणावं, लुगडी माझ्याकडे टाक, धुवीन मी, पण म्हातारीला जेवू घाल. आशीर्वाद आहेत, मायाही आहे, पण ती आल्यावर मिळेल. समितीला मार्चात बसायचं तर बसू दे. या पत्राला तुझ्या सरांनी उत्तर द्यायचं नाही, काकाच्या हाती निरोप ठेवायचा नाही, तूही लिहायचं नाही. हे हातात पडेल त्या दिवशीची गाडी पकड आणि उत्तर तू स्वतः दे, त्यांच्या दारात उभी राहून.

आनंदी